रेकॉर्ड, सीडी, डीव्हीडी वाढतच जाणार असतील तर रॅक विकत घ्यावा की करून घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साडेतीनशेच्या आसपास एलपी रेकॉर्ड, सातशे सीडी, दोनशे डीव्हीडी. दर महिन्याला तीन-चार रेकॉर्ड, पाच-सहा सीडी आणि एखाद-दोन डीव्हीडी घरात येतातच. आधी घेतलेले दोन तयार रॅक भरले आणि त्यातल्या एकाच्या फळ्यांना बाक आला. आता तिसरा आणावा की सुतार लावून अख्खी भिंत करून घ्यावी? आणि करून घ्यायची तर प्लाय, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) की लाकूड?

मी फर्निचरच्या कामात आहे आणि असा संग्रह असलेल्यांची बरीच कामं माझ्याकडे आलेली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. माझ्या मते ‘घ्यावं की करावं’ हे नंतर ठरतं. आधी हे मान्य करा की संग्रह थांबणार नाही. त्यामुळे आज जे उभं कराल त्याच्या शेजारी दोन-तीन वर्षांनी तसंच आणखी एक उभं करता आलं पाहिजे, त्याच मापाचं आणि त्याच उंचीचं. हे जमत असेल तर विकतचा रॅकही चांगला. जमत नसेल तर भारी सागवानी कपाटसुद्धा चार वर्षांत अपुरं पडेल आणि त्याला जोड देता येणार नाही. तुमच्या घरात आत्ता दोन वेगळ्या मापांचे रॅक आहेत, तिसरा आणलात तर तो तिसऱ्या मापाचा येईल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. घर स्वतःचं की भाड्याचं, भिंत भरीव विटांची की पोकळ ब्लॉकची की जिप्समची, आणि स्वतः करवत-ड्रिल हाताळता का. त्यानुसार काय बदलेल ते पुढे ओघात सांगतो.

आधी माप. नग मोजू नका, लांबी मोजा. सीडीची नेहमीची कडक प्लास्टिकची डबी १० मि.मी.पेक्षा जराशी जाड असते, म्हणजे एका मीटरमध्ये साधारण ९५ बसतात. डीव्हीडीची डबी १४ ते १५ मि.मी., मीटरमध्ये ६६ ते ७०. रेकॉर्ड कव्हरसकट साडेतीन ते चार मि.मी., उघडणारं दुहेरी कव्हर असेल तर जास्त. या हिशेबाने तुमच्या सीडी सव्वासात मीटर, डीव्हीडी तीन मीटर आणि रेकॉर्ड जेमतेम दीड मीटर भरतात. ऐकून नवल वाटेल, कारण खोलीत सगळ्यात जास्त जागा रेकॉर्डच खातात असं दिसतं. वाढीचंही तसंच. तुमच्या वेगाने पाच वर्षांत सीडींना आणखी साडेतीन मीटर लागतील, डीव्हीडींना सव्वा मीटर आणि रेकॉर्डना एक मीटरसुद्धा नाही. लांबी सीडी खातात आणि वजन रेकॉर्ड टाकतात. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

उंची-खोलीही लिहून ठेवा. सीडी उभी ठेवली की उंची १२५ मि.मी. आणि खोली १४२. डीव्हीडी १९० उंच, १३५ खोल. ब्ल्यू-रेची डबी तिच्यापेक्षा थोडी बुटकी, १७१ च्या आसपास. एलपीचं कव्हर चौरस, ३१५ बाय ३१५. यात बोटं घालून वस्तू बाहेर काढायला वर २५-३० मि.मी. मोकळी जागा हवी. म्हणजे सीडीच्या कप्प्याची आतली उंची १५ सें.मी., डीव्हीडीची साडेएकवीस आणि एलपीची साडेचौतीस. पुस्तकांच्या तयार रॅकमध्ये कप्पे सहसा तीसएक सें.मी. उंच असतात. त्यात सीडी लावल्या की अर्ध्याहून जास्त उंची रिकामी जाते आणि मग माणूस सीडींवर सीडी आडव्या रचायला लागतो. खालची काढायची तर वरच्या दहा हलवायच्या.

(जाता जाता एक गंमत. सीडी नव्या होत्या तेव्हा अमेरिकेत त्या बारा इंच उंचीच्या पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यात विकायचे, कारण दुकानांतले रॅक एलपीच्या मापाचे होते. दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली की एका एलपीची जागा भरायची. ही पद्धत १९९३ पर्यंत चालली. दुकानदारांनाही रॅक बदलायचा नव्हता, तेव्हा तुम्ही एकटे नाही.)

आता वजन. सीडी भरलेल्या एक मीटर फळीवर साधारण १० किलो येतात, डीव्हीडीचे त्याहून थोडे कमी. पुस्तकांचे २० ते ३०, जाड आर्ट पेपरची असतील तर आणखी. रेकॉर्डचे मात्र मीटरला ५५ ते ६५ किलो. तुमच्या ज्या रॅकला बाक आला त्यावर नक्की रेकॉर्ड होते, मी पाहिलेलं नसलं तरी पैजेवर सांगतो.

बाक येण्याचं गणित समजून घेतलंत तर कोणताही रॅक पाहून पारख करता येईल, म्हणून इथे जरा थांबतो. दोन टेकूंमधल्या अंतराला आम्ही गाळा म्हणतो. मीटरमागे वजन तेच असेल तर बाक गाळ्याच्या चौथ्या घाताने वाढतो. गाळा दुप्पट केला की बाक सोळापट. जाडीचं उलट आहे: जाडी दुप्पट केली की बाक आठवा हिस्सा. एक उदाहरण घ्या. १८ मि.मी. जाडीची एमडीएफ फळी, ३३ सें.मी. खोल, ८० सें.मी. गाळा, दोन्ही टोकांना नुसती पिनांवर टेकलेली, वर गच्च रेकॉर्ड. हिशेबाने ती मधे सहा मि.मी.हून जास्त वाकते, आणि हे पहिल्या दिवशीचं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड सतत वजनाखाली राहिले की हळूहळू आणखी खचतात. काही वर्षांत हा आकडा दुपटीच्या आसपास जातो. मीटरला दीड-दोन मि.मी.पर्यंतचा बाक नजरेला खटकत नाही, त्यापुढचा लांबून दिसतो. त्याच जाडीचा चांगला प्लाय असेल तर सुरुवातीचा बाक अडीच-तीन मि.मी.वर येतो. पण तीच एमडीएफ ठेवून मधे एक उभी फळी टाकली, गाळा ४० केला, तर बाक अर्धा मि.मी.सुद्धा उरत नाही. महागड्या लाकडाने जे साधत नाही ते मधल्या एका उभ्या फळीने साधतं. म्हणून ‘सागवान की प्लाय’ या प्रश्नात मी फारसा पडत नाही. आधी गाळा सांगा, मग बघू.

आधीच्या रॅकच्या वाकलेल्या फळ्या टाकायची घाई नको. त्या काढून उलट्या लावा आणि पुढच्या कडेला खालच्या अंगाने ४० मि.मी. रुंदीची, २० जाडीची भरीव लाकडी पट्टी उभी धरून गोंद आणि स्क्रूने पक्की करा. १८ च्या एमडीएफ फळीचा कडकपणा एवढ्याने निदान तिप्पट होतो. फळी पिनांवर बसत असेल तर पट्टी आतल्या मापापेक्षा जराशी आखूड ठेवा. मग त्यावर सीडी ठेवा, रेकॉर्ड नकोत.

आता करायचं झालं तर मी काय करीन ते सांगतो. एक गाळा (इथून पुढे याचा अर्थ एका मापाचा अख्खा रॅक, टेकूंमधलं अंतर नव्हे) ठरवायचा आणि तोच पुन्हा पुन्हा लावायचा. माझा आवडता गाळा बाहेरून ७५ सें.मी. रुंद. खाली ३४-३५ सें.मी. खोल बैठं कपाट, वर जेमतेम १५ सें.मी. खोलीचे कप्पे. खालच्या भागात मधोमध एक उभी फळी, म्हणजे दोन खण, प्रत्येकी साधारण ३५ सें.मी. रुंद. असे खणांचे दोन थर, खाली सात सें.मी.चा पाया. कपाटाची उंची ८०-८२ सें.मी. येते, म्हणजे वरच्या फळीची पुढे उरलेली कड काढलेल्या चार रेकॉर्ड उभ्या टेकवून ठेवायला वापरता येते. एका गाळ्यात तीनशेच्या वर रेकॉर्ड राहतात, वजन सगळं तळाशी जातं आणि रॅक पुढे झुकण्याची भीती कमी होते. वरच्या भागात जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आत सीडीचे सात किंवा डीव्हीडीचे पाच कप्पे मावतात. एका कप्प्यात ६८ सीडी किंवा ४७ डीव्हीडी.

तुमच्या संग्रहाला आज असे तीन गाळे लागतील: दोन सीडींचे, एक डीव्हीडींचा. रेकॉर्ड खाली दोन गाळ्यांत सैलसर बसतील आणि तिसऱ्याचा तळ बॉक्स सेट आणि मोठ्या पुस्तकांना. सीडीच्या बाजूला पाव भाग रिकामा राहतो, तेवढा मुद्दाम हवाच. चौथ्या गाळ्याची जागा भिंतीवर आत्ताच मोकळी सोडा, तिथे काही अडकवू नका आणि विजेचे प्लगही त्यामागे जाऊ देऊ नका. भिंत तीन मीटर असेल तर चार गाळे बरोबर बसतात.

वरच्या कप्प्यांची खोली मी १४८ मि.मी. ठेवतो, यामागे साधं कारण आहे. प्लायची शीट २४४० बाय १२२० ची येते. १४८ च्या पट्ट्या काढल्या तर करवतीची जाडी धरूनही रुंदीत आठ निघतात, १५० ठेवलं तर सातच. प्रत्येक पट्टीत ७१ सें.मी.च्या तीन फळ्या, म्हणजे एका शीटमध्ये २४ कप्पे. सीडीला १४२ लागतात, त्यामुळे दोन मि.मी. गेल्याने काही बिघडत नाही. असला हिशेब सुतार येण्याआधी कागदावर करून ठेवा. कटिंग प्लॅन हातात दिला की ‘अजून एक शीट लागेल’ हे वाक्य कमी ऐकू येतं.

वरचे सगळे कप्पे हलते ठेवावेत असं लोकांना वाटतं. मी अर्धवट सहमत आहे. मधला एक कप्पा दोन्ही बाजूंना पक्का जोडलेला हवा, नाहीतर उंच बाजू फाकतात. बाकीच्यांना ३२ मि.मी. अंतराने ५ मि.मी.ची भोकं पाडून पिना लावा. हे अंतर तयार फर्निचरमध्येही सर्रास वापरतात, त्यामुळे पिना कुठेही मिळतात. उद्या सीडी थांबल्या आणि ब्ल्यू-रे वाढल्या तर कप्पे सरकवून भागेल. पाठीला ६ मि.मी. प्लाय चारी कडांना ठोकून घ्या. रॅक डावी-उजवीकडे डुलतो की नाही हे पाठीवरून ठरतं. तयार रॅकची पाठ अनेकदा घडीच्या पातळ हार्डबोर्डची असते आणि खाचेत नुसती सरकवलेली असते.

रेकॉर्डबद्दल एक पेच आहे. वाढीसाठी जागा सोडायची म्हटली की रेकॉर्ड कलतात, आणि महिनोन् महिने कललेली रेकॉर्ड वाकडी होते. विनाइल, म्हणजे रेकॉर्डचं प्लास्टिक, उष्णतेने लवकर नरम पडतं, खिडकीतून ऊन येत असेल तर आणखी. आडव्या थप्प्या तर नकोतच, खालच्यांवर सगळा भार येतो. रेकॉर्ड सरळ उभ्या, एकमेकींना आधार देत, पण बोटाने एक सहज निघेल इतपत सैल हव्यात. म्हणून खण ३५ सें.मी.पेक्षा रुंद ठेवत नाही, आणि अर्धवट भरलेल्या खणात मधे प्लायचा एक सुटा तुकडा उभा सरकवतो. खण भरत गेला की तुकडा पुढे सरकतो. सीडी-डीव्हीडींना ही अडचण नाही. तिथे प्रत्येक कप्प्याच्या शेवटी चार बोटं रिकामी सोडा. सगळी रिकामी जागा शेवटच्या कप्प्यात ठेवलीत आणि तुम्ही अक्षरानुक्रमे लावत असाल, तर ‘ब’ मधली एक नवी सीडी आली की पुढच्या सहाशे सरकवाव्या लागतात.

इथवरचं एका दमात: लांबीने मोजा, रेकॉर्ड खाली ३५ सें.मी.च्या खणात, सीडी-डीव्हीडी वर कमी खोलीच्या कप्प्यांत, तिथे दोन टेकूंमधलं अंतर १८ मि.मी. प्लायला ७०-७५ आणि एमडीएफला ६०.

मग विकत कधी घ्यावं? घर भाड्याचं असेल तर नक्की. दर थोड्या वर्षांनी हलवायचं असेल तर सुटा, हलका रॅक बरा. फक्त लक्षात ठेवा, फिरवून घट्ट होणारी धातूची जोडणी पार्टिकल बोर्डात दोन-तीनदा उघडली की भोक सैल होतं. रेकॉर्डसाठी चौकोनी खणांचे रॅक मिळतात, आतून ३३ सें.मी. चौरस, ३१५ चं कव्हर त्यात अंगासरशी पण नीट बसतं. मात्र लेबलवर दर कप्प्याला किती किलो लिहिलंय ते वाचा. ३३ सें.मी. गच्च रेकॉर्ड म्हणजे वीस किलो, आणि बऱ्याच रॅकवर दहा-पंधराच लिहिलेले असतात. खण लहान असल्याने फळी लगेच वाकत नाही, पण तो आकडा कंपनीने दिलेला आहे आणि त्यापुढची जबाबदारी तुमची.

विकतच्यात दुसरी मेख म्हणजे तोच रॅक पुढे मिळेल का. आयकिया या फर्निचर कंपनीची ‘बिली’ पुस्तकांची मांडणी १९७९ पासून चालू आहे, तर रेकॉर्डवाल्यांची लाडकी ‘एक्सपेडिट’ २०१४ मध्ये बंद होऊन तिच्या जागी ‘कॅलॅक्स’ आली. आतला खण तोच ठेवला, बाहेरची चौकट बारीक झाली. रेकॉर्ड बसतात, पण जुना-नवा शेजारी उभे केले की उंची जुळत नाही. ज्यांना एकसंध भिंत हवी होती ते वैतागले. म्हणून विकत घ्यायचं ठरलं आणि पैसे व जागा दोन्ही असेल, तर पुढच्या पाच वर्षांचे नग एकदमच घ्या. सीडीसाठी मात्र मी तयार रॅक सहसा सुचवत नाही. कमी खोलीचे, पंधरा सें.मी.चे कप्पे असलेले रॅक आता क्वचितच दिसतात. बाकी सगळ्यांत खोली आणि उंची दोन्ही वाया जाते. तुमच्या बाबतीत म्हणूनच मधला मार्ग सुचवतो: भाड्याचं घर असेल तर रेकॉर्डना तयार चौकोनी रॅक, सीडी-डीव्हीडींना करून घेतलेले वरचे सुटे गाळे. घर स्वतःचं असेल तर दोन्ही करून घ्या.

डब्या फेकून डिस्क पातळ पाकिटांत ठेवल्या तर सीडीची जागा तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते हेही खरं. मला ते पटत नाही, डबीच्या कडेवरचं नाव वाचून सीडी शोधण्याची सोय जाते. पण घरात जागा कमी असेल तर हा पर्याय हाताशी असू द्या.

भिंतीचं राहिलं. गाळा कितीही स्थिर वाटला तरी वरून भिंतीला बांधाच, घरात लहान मूल असेल तर त्याच दिवशी. भरीव विटेत साधा प्लग चालतो. पोकळ ब्लॉक किंवा जिप्सममध्ये त्यासाठीचे वेगळे अँकर लागतात, जिप्सममध्ये शक्यतो मागचा धातूचा खांब शोधून त्यातच स्क्रू घ्या. रेकॉर्डसाठी भिंतीत अडकवलेल्या, खाली टेकू नसलेल्या फळ्या कोणी सुचवल्या तर नको म्हणा. बाहेरच्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीपासून दीड-दोन सें.मी. अंतर ठेवा, पुठ्ठ्याच्या कव्हरांना बुरशी तिथूनच धरते. भरलेला एक गाळा दीडशे किलोच्या पुढे जातो. काँक्रीटच्या स्लॅबवर भिंतीलगत ते सहसा अडचणीचं नसतं. जुन्या घरात जमीन लाकडी फळ्यांची असेल तर आधी जाणकाराला दाखवा, आणि रॅक तुळयांना आडवा उभा करा म्हणजे भार अनेक तुळयांवर वाटला जाईल. स्पीकर त्याच रॅकवर ठेवू नका, टर्नटेबल तिथे असेल तर अजिबात नाही; कंपन फळीतून थेट सुईपर्यंत पोचतं.

लॅमिनेट लावणार असाल तर फळीच्या दोन्ही बाजूंना लावा, खालच्या बाजूला स्वस्तातलं चालेल. एकाच बाजूला लावलं की हवा बदलली की फळी वळते. पॉलिश किंवा रंग केला तर वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन आठवडे, काही भरू नका.

सुताराला तिन्ही गाळ्यांची ऑर्डर एकदम देऊ नका. आधी एक करून घ्या, खाली रेकॉर्ड, वर सीडी असा पूर्ण भरा आणि महिनाभर वापरा. स्टीलची मीटरपट्टी फळीच्या खालच्या कडेला उभी धरून बघा, टोकांना फट दिसते का. बोटं घालायला जागा पुरते का, सगळ्यात वरचा कप्पा हाताला येतो का, हेही वापरल्याशिवाय कळत नाही. फरक करायचा असेल तो दुसऱ्या गाळ्यात करता येतो. पहिल्याच वेळी लॅमिनेटच्या मागचा कंपनीचा नंबर आणि कटिंग प्लॅन फोनमध्ये फोटो काढून ठेवा, आणि रंग साधा पांढरा किंवा नेहमीच्या लाकडी छटेतला घ्या. फॅशनच्या छटा दोन-तीन वर्षांत बाजारातून जातात आणि चौथा गाळा तुम्हाला नेमका तेव्हाच करायचा असतो.